थॉर्प, डार्को, स्टकी, बिलप्स

डेट्रॉइट पिस्टन्सने २६ मे २००८ रोजी बोस्टनविरुद्ध प्लेऑफमधला एक सामना जिंकला. प्लेऑफमधला त्यानंतरचा विजय मिळाला तो थेट एप्रिल २०२५ मध्ये, न्यूयॉर्कला. मधल्या काळात सलग १५ प्लेऑफ सामने हरण्याचा एनबीएमधला नकोसा विक्रम या संघाच्या नावावर लागला. २०२३-२४ च्या हंगामात तर सलग २८ सामने हरून त्यांनी आणखी एक विक्रम केला. आणि हाच संघ २००३ ते २००८ अशी सलग सहा वर्षं ईस्टर्न कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीत खेळत होता! २००४ मध्ये कोबी ब्रायंट आणि शकील ओनीलच्या लेकर्सना ४-१ ने लोळवून तो विजेताही झाला होता.

एवढी घसरण कशी झाली, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. मामा ऐंशीच्या दशकात मिशिगनला आला, मोटारींच्या सुट्या भागांच्या धंद्यात गिअर डिझाइन करत निवृत्त झाला आणि आता ट्रॉयला राहतो. पिस्टन्स हा त्याच्या श्रद्धेचा विषय. ताई शिकागोत एका बँकेत कंपन्यांच्या कर्जांची छाननी करते. मामाच्या लेखी शिकागो म्हणजे शत्रुराष्ट्र, त्यामुळे ती काही बोलायच्या आतच निम्मा खटला हरलेली असते. दोघांचं म्हणणं मी लिहून काढलंय. राहवलं नाही तिथे मध्ये तोंड घातलंय.

मामा : मी तारीखच सांगतो. ३ नोव्हेंबर २००८. हंगाम सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. चॉन्सी बिलप्स डेन्व्हरला देऊन टाकला आणि बदल्यात ॲलन आयव्हर्सन आणला. संपलं तिथेच. पुढचं सगळं त्याच्या पोटातून आलं.

ताई : देऊन टाकला नाही रे मामा. बिलप्स ३२ वर्षांचा होता आणि २००७ मध्येच त्याच्याशी नवा, लांब मुदतीचा करार झाला होता. आयव्हर्सनचा करार त्या हंगामाअखेर संपत होता. म्हणजे दोन कोटी डॉलरच्या वरचा पगार उन्हाळ्यात आपोआप वहीतून निघून जाणार. संघाच्या व्यवस्थापकाने, जो ड्यूमार्सने, आयव्हर्सन घेतलाच नव्हता. त्याने मोकळी जागा घेतली.

मामा : हेच तर म्हणतोय मी. माणूस दिला आणि रिकामी खुर्ची आणली!

ही रिकामी खुर्ची काय भानगड आहे ते सांगायला हवं. आपल्याला आयपीएलचा लिलाव माहीत असतो. पर्समधले पैसे संपले की विषय संपला. एनबीएची सॅलरी कॅप इतकी कडक नाही. स्वतःचा जुना खेळाडू राखायचा असेल तर मर्यादा ओलांडता येते. बाहेरचा महागडा खेळाडू आणायचा असेल तर मात्र एक तर मर्यादेखाली जागा हवी, नाही तर साधारण तेवढ्याच पगाराचा माणूस बदल्यात द्यायला हवा. करार बहुतेक हमीचे असतात. खेळाडू घरी बसवला तरी पैसे द्यावेच लागतात. म्हणून या धंद्यात ‘संपत आलेला करार’ हीच एक मौल्यवान वस्तू होऊन बसते. पस्तिशीकडे झुकलेला, गुडघे दुखणारा खेळाडू केवळ त्याचा करार जूनमध्ये संपतो म्हणून तीन संघांना हवासा वाटतो. आयव्हर्सन २००१ चा सर्वोत्कृष्ट खेळाडू होता हे खरं, पण २००८ मध्ये ड्यूमार्सला त्याच्या खेळाइतकीच त्याच्या कराराच्या शेवटच्या तारखेची ओढ होती.

मामा : आता मैदानावर काय झालं ते ऐक. रिप हॅमिल्टन चेंडूशिवाय पळायचा. एका स्क्रीनमागून निघायचा, दुसऱ्याला वळसा घालायचा, आणि तो मोकळा झाला त्या क्षणी चेंडू त्याच्या हातात असायचा. कोण द्यायचा तो? बिलप्स. पावलं मोजून द्यायचा. आयव्हर्सनला चेंडू स्वतःच्या हातात लागायचा. मग हॅमिल्टनला बेंचवर बसवलं. तो नाराज. पुढे आयव्हर्सनची पाठ दुखावली, परत आल्यावर त्याला बेंचवरून खेळायला सांगितलं. तोही नाराज. नवा कोच मायकेल करी, त्याचं पहिलंच वर्ष, तो काय करणार? ३९ विजय, ४३ पराभव, आणि पहिल्याच फेरीत क्लीव्हलँडकडून ४-० ने विसर्जन. तिकडे डेन्व्हर ५४ सामने जिंकून वेस्टच्या अंतिम फेरीत. १९९४ पासून त्या संघाने प्लेऑफची एक मालिका जिंकली नव्हती! बिलप्स त्यांच्याच गावचा पोरगा. तो गेला आणि पहिल्याच वर्षी दोन मालिका जिंकून दिल्या.

ताई : ट्रेड करायचेच नव्हते, असं तुझं म्हणणं आहे का?

मामा : बिलप्सचा करायचा नव्हता.

ताई : मग २००४ चा संघ आला कुठून ते सांग. बेन वॉलेसला नव्या खेळाडूंच्या ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नव्हतं. २००० मध्ये ग्रँट हिल ओरलँडोला गेला, त्या व्यवहारात तो इकडे आला. अख्खं डेट्रॉइट तेव्हा छाती बडवत होतं, हिल गेला म्हणून. हॅमिल्टन २००२ मध्ये जेरी स्टॅकहाउसच्या बदल्यात वॉशिंग्टनहून आला. स्टॅकहाउस तेव्हा संघाचा सर्वांत मोठा स्कोअरर होता. बिलप्स चार-पाच संघ फिरून आलेला, कुणालाच धड न पटलेला. टेशॉन प्रिन्स ड्राफ्टमध्ये २३ वा. रशीद वॉलेस २००४ च्या फेब्रुवारीत आला. त्याआधी अटलांटाकडून फक्त एक सामना खेळला होता. लोकांचा लाडका विकायचा आणि दुसऱ्यांनी टाकलेला उचलायचा, ही ड्यूमार्सची रीतच होती. तेव्हा तू टाळ्या वाजवल्यास. बिलप्सच्या वेळी त्याने नवीन काय केलं?

मामा : तेव्हा गमावण्यासारखं काही नव्हतं!

ताई : हिल गमावण्यासारखा नव्हता?

मामाने इथे चहा मागितला. तो हरत असला की मागतो.

मामा : बरं, मग बेन वॉलेसचं बोलू. २००६. त्या हंगामात ६४ विजय, ऑल-स्टारमध्ये एकाच संघाचे चौघे. आणि उन्हाळ्यात तुझ्या शिकागोने त्याला चार वर्षांचे सहा कोटी डॉलर देऊन पळवलं. आपण एवढे द्यायला तयार नव्हतो. पहिली वीट तिथेच निखळली.

ताई : आणि तो ड्यूमार्सचा सगळ्यात शहाणा निर्णय होता. बेन तेव्हा ३१ वर्षांचा, सगळा खेळ उडीवर आणि ताकदीवर. दोन वर्षं व्हायच्या आत शिकागोने त्याला क्लीव्हलँडला काढून दिला. ते सहा कोटी आपल्या गळ्यात नव्हते, हे नशीब. चूक पुढे झाली. तो गेला म्हणून त्याचे पैसे मोकळे झाले नव्हते. संघ मर्यादेच्या वरच होता. त्यामुळे त्याच्या तोडीचा दुसरा माणूस आणायची सोयच नव्हती. नाझर मोहम्मद आणला, पाच वर्षांच्या करारावर, आणि दीड वर्षात तोही देऊन टाकला.

मला वाटतं, ताईचं हे म्हणणं सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि चाहत्यांना तेच सगळ्यात अवघड जातं. ‘त्याला इतके पैसे द्यायला नकोत’ आणि ‘त्याला जाऊ दिलं तर जागा भरता येणार नाही’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. चांगला संघ म्हातारा होतो तेव्हा व्यवस्थापकासमोर असे दोन खरे पर्याय असतात, आणि दोन्हींत नुकसान असतं. आपण बाहेरून बघणारे एकाच नुकसानीचा हिशेब मांडतो.

मामा : तू पैशातून बाहेर ये. डार्कोचं काय?

ताई : डार्कोचं मी सांगते. पण मला मागून सुरुवात करू दे.

मामा : कर.

ताई : १९९७ मध्ये पिस्टन्सने ऑटिस थॉर्प नावाचा उताराला लागलेला फॉरवर्ड व्हँकुव्हरला दिला. ड्यूमार्स तेव्हा स्वतः खेळत होता, थॉर्पचा सहकारी होता. बदल्यात मिळाली ड्राफ्टमधली एक पाळी, पुढे कधीतरी वापरायची. ती अटींमुळे पुढे पुढे सरकत राहिली. हातात पडली २००३ मध्ये, तोवर व्हँकुव्हरचा संघ मेम्फिसला गेला होता. आणि पाळी कितवी? दुसरी! पहिली निघाली असती तरच मेम्फिसला ती ठेवता आली असती. पहिल्या पाळीला लेब्रॉन जेम्स गेला. दुसऱ्या पाळीला आपण, ५० सामने जिंकलेला संघ, सर्बियाचा १८ वर्षांचा डार्को मिलिचिच घेतला. तिसरा कार्मेलो अँथनी, चौथा ख्रिस बॉश, पाचवा ड्वेन वेड.

मामा : नको त्या आठवणी. २००६ मध्ये वेडच्या मायामीनेच आपल्याला बाहेर काढलं. आणि २००७ मध्ये लेब्रॉनने. पाचव्या सामन्यात ४८ गुण, क्लीव्हलँडचे शेवटचे २५ च्या २५ त्या एकट्याचे. मी पिस्टन्सच्या अरीनात, पॅलेसमध्ये होतो त्या रात्री.

ताई : डार्कोला कोच लॅरी ब्राउनने जवळपास खेळवलंच नाही. २००६ मध्ये त्याला ओरलँडोला दिलं आणि पुन्हा एक पाळी घेतली. त्या पाळीवर २००७ मध्ये पंधराव्या क्रमांकाला आला रॉडनी स्टकी. हा पोरगा पॉइंट गार्ड खेळू शकेल असं ड्यूमार्सला वाटलं, म्हणून बिलप्स नसला तरी चालेल असंही वाटलं. थॉर्प, डार्को, स्टकी, बिलप्स. अकरा वर्षांची एकच दोरी आहे ही. तू म्हणतोस ३ नोव्हेंबरला संपलं. त्या दिवशी फक्त दोरीचं टोक हाताला लागलं.

मामा : म्हणजे मीच बरोबर. टोकाला बिलप्सच होता ना?

याला उत्तर नाही. पण त्या दोरीतली मला खटकणारी गोष्ट वेगळी आहे. ५० सामने जिंकलेल्या संघाला दुसरी पाळी मिळणं ही कुणाच्याही कर्तृत्वाविना पदरात पडलेली लॉटरी होती. अशी लॉटरी लागली की घाई नसते, आणि घाई नसली की माणूस ‘आज उपयोगी’ सोडून ‘पुढे कधीतरी थोर’ निवडतो. डार्को त्या निवांतपणाचा बळी. याच्या बरोबर उलट, सहा वर्षांनी, घाईने घात केला.

ताई : आता २००९ चा उन्हाळा. मोकळी जागा मिळाली. तिचं काय केलं?

मामा : तो उन्हाळा मला विचारू नकोस. मार्चमध्ये मालक बिल डेव्हिडसन गेले. ३० एप्रिलला क्रायस्लर दिवाळखोरीत, १ जूनला जनरल मोटर्स. आमच्या ओळखीतल्या घरांपैकी निम्म्यांत कुणी ना कुणी घरी बसलेला. कुणी टेक्सासला गेलं, कुणी पुण्याला परत. बास्केटबॉलकडे लक्ष कुणाचं होतं?

ताई : ड्यूमार्सचं होतं. आणि जुलै उजाडतो न उजाडतो तोच त्याने दोन करार केले. बेन गॉर्डन, पाच वर्षं, साडेपाच कोटींहून जास्त. चार्ली व्हिलानुएव्हा, पाच वर्षं, साडेतीन कोटींहून जास्त. गॉर्डन शूटिंग गार्ड. आपल्याकडे शूटिंग गार्ड होता की. हॅमिल्टन! त्याच्याशी बिलप्सच्या ट्रेडच्या सुमारासच तीन वर्षांचा, सुमारे ३.४ कोटींचा वाढीव करार केलेला. एका जागेसाठी दोघे, आणि उंचपुऱ्या बचावपटूच्या जागी व्हिलानुएव्हा, ज्याला बचाव सोडून सगळं आवडायचं. मंदीमुळे त्या वर्षी सॅलरी कॅप खाली आली होती. बहुतेक संघ पैसे राखून होते, कारण २०१० मध्ये लेब्रॉन, वेड, बॉश मोकळे होणार होते. तेव्हा आपण खरेदीला गेलो.

मामा : अगं, लेब्रॉन डेट्रॉइटला आला असता का? तूच सांग. त्या वर्षी इथून माणसं बाहेर जात होती, आत कोण येणार? जे मिळतंय ते घेतलं त्याने.

ताई : आधी तो दुसऱ्यांना नको असलेलं घ्यायचा, स्वस्तात. या वेळी जे मिळत होतं ते घेतलं, महागात. फरक तिथे पडला.

मामा : हे मात्र मान्य.

२७ विजय, ५५ पराभव. नव्या पैशाचं पहिल्याच वर्षी हे फळ. रशीद वॉलेस बोस्टनला निघून गेला होता. पुढे डेव्हिडसन यांच्या पत्नीने संघ विकायला काढला. २०११ मध्ये टॉम गोर्स यांनी तो घेतला. विक्रीला काढलेल्या घराला कुणी रंग देत नाही. ती दोन वर्षं तशीच गेली.

ताई : गॉर्डनचं ओझं उतरवायला काय द्यावं लागलं ते ऐक. २०१२ मध्ये त्याला शार्लटला दिलं आणि वर पहिल्या फेरीतली एक पाळी भेट म्हणून चिकटवली. बदल्यात कोरी मॅगेटी, ज्याचा करार संपत आला होता. ती पाळी २०१४ मध्ये पहिल्या आठात आली तर आपली, नववी किंवा त्याखाली गेली तर शार्लटची. आपण आठव्या जागी होतो. पाळ्यांचा क्रम ठरवणारी लॉटरी झाली आणि क्लीव्हलँड, जे नवव्या जागी होतं, उडी मारून थेट पहिलं. आपण नववे. पाळी गेली.

मामा : क्लीव्हलँड! सारखं क्लीव्हलँडच कसं आडवं येतं?

ताई : आणि २०१३ मध्ये पुन्हा तेच. जॉश स्मिथ, चार वर्षं, ५.४ कोटी. आंद्रे ड्रमंड आणि ग्रेग मन्रो असे दोन उंच आधीच होते. तिघांपैकी एकालाही बाहेरून नेम लागत नव्हता. २०१४ च्या डिसेंबरात कोच स्टॅन व्हॅन गंडीने त्याला सोडूनच दिलं. उरलेले पैसे पुढच्या वर्षांत पसरवले. २०२० पर्यंत दर वर्षी सुमारे ५४ लाख डॉलर वहीत त्याच्या नावे. खेळाडू गेला, पगार राहिला.

मामा : त्याच उन्हाळ्यातला मिडलटन विसरलीस.

ताई : विसरले नाही. तुला दुःख नको म्हणून.

२०१३ मध्ये ब्रँडन जेनिंग्जसाठी मिल्वॉकीला जे दिले, त्यात ३९ व्या क्रमांकाला निवडलेला ख्रिस मिडलटन नावाचा एक मुलगा होता. २०२१ मध्ये मिल्वॉकी विजेतं झालं, तेव्हा यानिस अँटेटोकुंपोनंतरचा त्यांचा सर्वांत भरवशाचा माणूस तोच होता. माझ्या मते पिस्टन्सच्या दुरुस्त्यांची गोष्ट एवढ्यात सांगून होते. एक महाग करार उतरवायला एक पाळी द्यायची, पाळी नाही म्हणून नवा महाग करार करायचा, आणि व्यवहार जुळवताना कोपऱ्यात बसलेलं कुणी तरी पोरगं सहज देऊन टाकायचं.

मामा : आणि ब्लेक ग्रिफिन. जानेवारी २०१८. पाच वर्षांचा, १७ कोटींचा करार, क्लिपर्सने सात महिन्यांपूर्वीच केलेला. करार केला त्यांनी, भरला आपण! बदल्यात टोबायस हॅरिस, एव्हरी ब्रॅडली आणि पहिल्या फेरीतली पाळी.

ताई : पहिलं पूर्ण वर्ष सुंदर खेळला तो.

मामा : खेळला ना. २०१९ मध्ये आपण प्लेऑफला पोचलो ते त्याच्यामुळे. मग गुडघा. २०२१ मध्ये पैसे देऊन मोकळा केला. पण यात मी व्यवस्थापनाला दोष देत नाही. तुला आश्चर्य वाटेल, पण नाही देत. नऊ वर्षं लोकांना काहीच मिळालं नव्हतं. शहरात नवं अरीना उघडलं होतं, खुर्च्या रिकाम्या. कुणीतरी बघण्यासारखं हवं होतं.

ताई : आता तू ड्यूमार्ससारखा बोलतोयस.

मामा : ड्यूमार्स वाईट माणूस नव्हता गं. १९८९ च्या फायनलचा सर्वोत्तम खेळाडू, दोन विजेतेपदं खेळाडू म्हणून, एक व्यवस्थापक म्हणून. मला त्याचा राग येतो तो यासाठीच. त्याला माहीत होतं बिलप्स काय आहे.

ताई : माहीत होतं, आणि तो थकत चाललाय हेही माहीत होतं. सलग तीन वर्षं कॉन्फरन्स फायनलला हरला तो संघ. त्याने संघ मोडला यात माझी तक्रार नाही. मोडल्यावर जे सुटे पैसे हातात आले, ते त्याला हातात धरवत नव्हते. २०२४ बघ. संघाचा कारभार बघायला ट्रॅजन लँग्डन आला, पुन्हा मोकळी जागा होती. त्याने काय केलं? टोबायस हॅरिस, दोन वर्षं. मलिक बीझ्ली, एक वर्ष, ६० लाख. थोडक्या मुदतीचे करार, नेमबाजी येणारी मोठी माणसं, आणि चेंडू केड कनिंगहॅमच्या हातात. १४ विजयांवरून ४४.

मामा : हॅरिस तोच ना, जो ग्रिफिनसाठी दिला होता? दिला फुकटच्या भावात, आणि परत आणला ५.२ कोटी देऊन. याला तू हुशारी म्हणतेस.

ताई : म्हणते. कारण दोन वर्षांनी तो करार आपोआप संपतो.

मामा : तुला संपणाऱ्या गोष्टी फार आवडतात.

ताई : बरं, मग तू बस ड्यूमार्सच्या खुर्चीत. नोव्हेंबर २००८. काय करशील?

मामा : हॅमिल्टनला देईन. बिलप्सला ठेवीन.

ताई : कुणाला देशील? डेन्व्हरला पॉइंट गार्ड हवा होता. हॅमिल्टनसाठी ते आयव्हर्सन देणार नाहीत.

मामा : मग आयव्हर्सन नको. कोण मागत होतं आयव्हर्सन?

ताई : म्हणजे २००९ ला मोकळी जागा नाही. रशीद ३५ चा, बिलप्स ३३ चा, हॅमिल्टन ३१ चा. किती जिंकलो असतो?

मामा : पन्नास.

ताई : पंचेचाळीस धरू. आणि २०११ मध्ये?

मामा : २०११ चं २०११ मध्ये बघितलं असतं.